गप्पी सोडून मोकळे होऊ नका, सांभाळा

पावसाळा लागला की पंधरा दिवसांत वर्तमानपत्रात एक फोटो येतोच. सरपंच, आरोग्य कर्मचारी, शाळेचे गुरुजी आणि गावातली चार मंडळी हौदाच्या नाही तर नालीच्या कडेला ओळीने उभी, आणि मधोमध एकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत गप्पी मासे. खाली ओळ असते, 'डास निर्मूलनासाठी गप्पी मासे सोडण्यात आले.' जून हा हिवतापविरोधी आणि जुलै हा डेंग्यूविरोधी महिना म्हणून पाळला जातो, त्यामुळे असे फोटो याच दोन महिन्यांत जास्त. वाचक हो, त्या फोटोतल्या माशांचे पुढे काय झाले, हे कधी कुणी विचारले आहे का?

विचारले तर बहुतेक गावांतून सारखेच उत्तर येईल. नालीत सोडलेले पहिल्या मोठ्या पावसात वाहून ओढ्याला लागले. हौदात सोडलेले दुसऱ्या दिवशी टीसीएल पावडर पडली तेव्हा पोट वर करून तरंगले. उघड्या टाकीत सोडलेले काही बगळ्याने आणि खंड्याने उचलले, उरलेले उन्हाळ्यात पाणी आटले तसे संपले. पुढच्या जूनला पुन्हा तालुक्याहून पिशवी, पुन्हा फोटो. मधल्या काळात गावात तापाची साथ आली की लोक म्हणणार, "त्या गप्पीनं काही होत नसतं हो." मग धूर फवारणीचे मशीन मागवायचे. धुराने उडणारे डास तेवढे मरतात, तेही त्या संध्याकाळपुरते. पाण्यातल्या अळीपर्यंत धूर पोहोचत नाही, म्हणून चार दिवसांत नवे डास तयार.

माझे म्हणणे सरळ आहे. गप्पी हा एकदा सोडून मोकळे होण्याचा मासा नाही, तो सांभाळण्याचा मासा आहे. शेळी-कोंबडीसारखे ते पशुधनच समजा. त्याला गोठा लागतो, सावली लागते, वेळेवर पाणी लागते, आणि कोणत्या जनावराशेजारी बांधायचे नाही हेही पाहावे लागते. एवढे करायचे नसेल तर पिशवी आणूच नये. निदान फोटोचा तरी खर्च वाचेल.

कुणी म्हणेल, विस्तार अधिकारी कृषीचे, यांनी कपाशीवरची बोंडअळी सांगावी, डासांच्या अळीत कशाला लक्ष घालावे? पण साथीचा महिना कोणता ते बघा. सप्टेंबर ते नोव्हेंबर. याच काळात सोयाबीनची काढणी असते, कापसाची पहिली वेचणी असते. घरातला एक माणूस तापाने पडला की त्याच्याबरोबर दुसरा दवाखान्यात अडकतो. "पेशी कमी झाल्या" एवढे दोन शब्द डॉक्टरांनी उच्चारले की जालन्याला नाही तर संभाजीनगरला हलवायचे, आणि सोयाबीनच्या पट्टीतून हाती आलेले पैसे सलाईनच्या बाटल्यांत जायचे. उभे पीक वेचणीला माणूस नाही म्हणून खराब होते ते वेगळेच. तेव्हा हा विषय शेतीचाच आहे. शिवाय २०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला आहे, त्यामुळे मासा आता आमच्या खात्याचा पाहुणा राहिला नाही.

दुष्काळी गावात डास जास्त का?

डास पावसाने होतात हा समज अर्धाच खरा आहे. हिवतापाचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात, डबक्यात, विहिरीत वाढतो. नालीतल्या घाण पाण्यात वाढणारा डास निराळा, त्याच्यापासून हत्तीरोग पसरतो. डेंग्यूचा डास मात्र घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्याचा लोभी. रांजण, ड्रम, सिमेंटचा हौद, कूलर, गच्चीवरचे टायर, गुरांचे पाणी पिण्याचे टाके ही त्याची घरे. आणि पाणी साठवून कोण ठेवतो? ज्याच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही तो. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याचे जे हाल झाले त्यानंतर गावोगावी प्रत्येक घराने मिळेल ते भांडे भरून ठेवण्याची सवय लावून घेतली. ती सवय वाईट नाही, नाइलाजाची आहे. पण टँकर आला की भरलेले दोनशे लिटरचे ड्रम झाकणाशिवाय आठ दिवस उभे असतात, आणि अंड्यापासून उडता डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवसच पुरतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात.

यात एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. या डासाची मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत, पुन्हा पाणी भरले की फुटतात. तेव्हा ड्रम नुसता पालथा घालून भागत नाही, आतली कड काथ्याने नाही तर ब्रशने घासली पाहिजे. जे भांडे असे रिकामे करून घासता येते तिथे गप्पीची गरजच नाही. झाकण लावा, घासा, संपले. गप्पी कामाचा आहे तो जिथे पाणी उपसून टाकता येत नाही तिथे. मोठे हौद, पडक्या विहिरी, बांधकामावरची टाकी, गुरांचा पाण्याचा हौद, मंगल कार्यालयाची जमिनीतली टाकी अशा ठिकाणी.

नाव गप्पी असले तरी त्याचा गप्पांशी संबंध नाही. मूळचा तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि शेजारच्या त्रिनिदाद बेटाचा. त्या बेटावरच्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६० च्या दशकात हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठवले, तेव्हापासून माशाला त्यांचे नाव चिकटले. आपल्या देशात तो १९१० च्या सुमारास आला. त्याचा एक चुलता आहे, गॅम्बुशिया. तो १९२८ साली आला. दोघेही अळ्या खातात, दोघेही पिल्लेच घालतात, म्हणून आपल्याकडे दोघांनाही गप्पीच म्हणतात. पण दोघांत फरक आहे. गॅम्बुशिया आडदांड. तो दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो, त्यांची अंडी-पिल्ले फस्त करतो. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. पिशवी घेताना विचारून घ्या. ओळख सोपी आहे. गप्पीचा नर रंगीत असतो, शेपटीवर ठिपके किंवा पट्टे असतात, लांबी जेमतेम इंच-सव्वा इंच. गॅम्बुशियाचे नर-मादी दोन्ही करड्या रंगाचे, नराला रंग नाही. पिशवीतल्या सगळ्या माशांत एकही रंगीत दिसला नाही तर परत करा.

हौद कसा, कुठे

गावाचा स्वतःचा पैदास हौद असलाच पाहिजे. फार मोठा नको. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल, म्हणजे पाच हजार लिटरच्या आसपास पाणी मावेल. खोली तीन फुटांपेक्षा कमी करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, उथळ पाणी उकळल्यासारखे होते. थंडीतही डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहापर्यंत उतरतो, तेव्हा उथळ हौदातला मासा गारठतो. हौद अर्धा जमिनीत घेतला तर दोन्ही ऋतूंत पाणी समतोल राहते. वर शेडनेट टाकावी. पन्नास टक्क्यांची हिरवी नेट आता गावात कुणाच्याही रोपवाटिकेत सापडते. तिने सावलीही होते आणि खंड्या-बगळ्यापासून राखणही होते. हौदाचे दोन कप्पे करावेत, एक आयांचा आणि एक पिल्लांचा. नव्या सिमेंटच्या हौदात लगेच मासे टाकू नका. पाणी भरायचे, आठवडाभर ठेवायचे, काढून टाकायचे, असे दोन-तीन वेळा केल्यावर सिमेंटचा चुना निघून जातो.

आपल्या जिल्ह्यातले बोअरचे पाणी काळ्या खडकातून येते, ते जड असते. डाळ शिजत नाही म्हणून बायका वैतागतात. गप्पीला मात्र तेच मानवते. मऊ पाण्यापेक्षा जड पाण्यात हा मासा अधिक खूश असतो. म्हणजे या बाबतीत आपली जमीन आपल्याला अनुकूल आहे, हे क्वचितच घडते.

सुरुवातीला दहा माद्या आणि चार नर पुरे. एका नराला दोन-तीन माद्या हे प्रमाण ठेवावे. नर जास्त झाले की दिवसभर मादीच्या मागे लागतात आणि मादी थकून मरते. मादी ओळखायची तर ती मोठी, दीड-दोन इंचांची, मळकट रंगाची, आणि शेपटीकडच्या बाजूला पोटावर काळा डाग. डाग गडद झाला आणि पोट चौकोनी दिसू लागले की समजा दिवस भरले. साधारण तीन ते चार आठवड्यांनी एक वेत. वेताला वीस ते पन्नास पिल्ले, जुनी मादी त्याहून जास्त देते. एकदा नराशी संयोग झाला की मादी त्यावर पुढची काही वेते देऊ शकते. आता हिशेब करा. दहा माद्यांची महिन्याला अडीचशे पिल्ले धरली आणि निम्मी मेली असे मानले, तरी सव्वाशे उरतात. जूनला सुरू केले तर सप्टेंबरच्या आत साडेतीनशे-चारशे मासे होतील. मधल्या आकाराच्या गावातले उपसता न येणारे हौद आणि विहिरी एवढ्यात भागतात.

फक्त एक अडचण आहे. गप्पी स्वतःचीच पिल्ले खातो. आई खाते, बाप खातो, मावश्या खातात. म्हणून पिल्लांना लपायला जागा हवी. हायड्रिलासारखी पाणवनस्पती टाका, ती नसेल तर शेडनेटचे जुने तुकडे किंवा सुटा केलेला नायलॉनचा दोर गुंता करून टाका. (जलपर्णी मात्र चुकूनही आणू नका, ती हौदातून ओढ्यात गेली की गाव पस्तावेल.) अधिक नीट करायचे असेल तर भाजीचे प्लास्टिकचे क्रेट घ्या, त्याला आतून तीन-चार मिलिमीटर छिद्राची जाळी शिवा आणि ते हौदात अर्धे बुडवून ठेवा. दिवस भरलेल्या माद्या क्रेटमध्ये. पिल्ले जाळीतून बाहेर पडतात, आईला बाहेर येता येत नाही. व्याली की तिला पुन्हा कळपात सोडा. खर्च दीडशे-दोनशे रुपयांच्या वर नाही.

खाद्य म्हणून शेंगदाणा पेंड आणि गव्हाचा कोंडा समभाग बारीक करून चिमूटभर टाकावा. पाच मिनिटांत संपेल एवढेच. उरलेले खाली बसते, कुजते आणि पाणी नासते. नवीन पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यात बांधून पाण्यात पिळावा. हे खाद्य फक्त पैदास हौदात. ज्या हौदात डासांसाठी मासे ठेवले तिथे खायला टाकायचे नाही. पोट भरलेला गडी कामाला लागत नाही. भुकेली मोठी मादी दिवसाला शंभराच्या घरात अळ्या खाते. नर त्याहून लहान, तो कमी खातो, म्हणून वाटपात माद्या जास्त द्याव्यात.

सगळ्यात जास्त मासे मरतात ते टीसीएल पावडरीने. पिण्याच्या पाण्यात ती टाकणे बंद करा असे मी म्हणत नाही, तसे कुणी करूही नये. पण पैदास हौदात नळाचे पाणी थेट सोडू नका. उघड्या ड्रममध्ये चोवीस तास, जमल्यास दोन दिवस उन्हात ठेवा, वास गेला की मग ओता. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, सगळे एकदम नको.

कुणाशेजारी कोण?

गोठ्यात कोणते जनावर कोणाशेजारी बांधायचे हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. माशांच्या बाबतीत मात्र 'मासा म्हणजे मासा' असे धरून सगळे एकत्र टाकले जातात. एका गावात हौशी मंडळींनी गप्पीच्या हौदात दोन मरळ टाकल्याचे ऐकले. पंधरा दिवसांनी हौदात दोनच मासे होते. दोन्ही चांगले धष्टपुष्ट.

पैदास हौदात गप्पीशिवाय दुसरे काहीही नको. बेडकाची पिल्लेसुद्धा काढून टाका, ती मासे खात नाहीत पण खाद्य खातात. चतुराची पाण्यातली अळी दिसली तर आधी तिला काढा, ती पिल्ले धरून खाते.

शेततळ्याचे तसे नाही. कडवंचीसारख्या गावांनी पाणलोटाच्या कामाने आणि शेततळ्यांनी द्राक्षबागा उभ्या केल्या. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत जिल्हाभर तळी झाली. त्यातल्या काहींत कटला, रोहू, मृगळ सोडतात. यांच्याबरोबर गप्पी नांदू शकतो. हे मासे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत आणि गप्पी काठाच्या उथळ पाण्यात राहतो, जिथे अळ्या असतात. पण मरळ, शिंगी, चिलापी असेल तर गप्पी म्हणजे त्यांचे खाद्य. थाई मागूर तर देशात बंदी असलेला मासा आहे, तो ठेवूच नका, गप्पीबरोबरही आणि गप्पीशिवायही. ठिबकवाल्यांची तक्रार असते की मासे फिल्टरमध्ये येतात. फुटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधा, हा प्रश्न मिटतो.

तिसरे ठिकाण शाळेचे, नाही तर ग्रामपंचायतीच्या कार्यालयातली काचेची पेटी. ही पेटी मला महत्त्वाची वाटते. ज्या पोराने पेटीत अळी टाकून गप्पीने ती गट्ट केलेली डोळ्यांनी पाहिली, ते पोर घरी जाऊन आजीच्या रांजणाचे झाकण तपासते. भाषणाने हे होत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी बसते. त्यात पंधरा-वीस मासे पुरेत. गप्पीबरोबर मोली आणि प्लॅटी चालतात. तिन्ही पिल्ले घालणारे, तिन्हींना आपले जड पाणी चालते, स्वभावाने शांत. झेब्रा मासा चालतो. अंगावर निळे पट्टे असलेला हा चपळ मासा आपल्याच देशातल्या ओढ्यांचा, सहा-आठ एकत्र ठेवावेत.

दुकानदार मात्र दुसरेच काही गळ्यात मारतो. गोल्डफिश दिसायला देखणा, पण घाण फार करतो, मोठा होतो आणि गप्पीची पिल्ले गिळतो. फायटर तर गप्पीच्या मोठ्या रंगीत शेपटीला दुसरा फायटर समजून तिच्यावर तुटून पडतो. एंजल लहानपणी शांत, मोठा झाला की गप्पी तोंडात मावतो. टायगर बार्ब पर कुरतडतो. 'टाकी साफ करणारा' म्हणून काळा सकर मासा देतात. तो फूटभर वाढतो, मग कंटाळून लोक तो तलावात टाकतात, आणि राज्यातल्या जलाशयांत मच्छीमारांच्या जाळ्यात आता हाच काटेरी मासा सापडतो, जाळे फाडतो. साफसफाईला हात आहेत, सकर नको.

त्यावरून एक गोष्ट निक्षून सांगतो. गप्पी असो की कोणताही परका मासा, तो दुधना, कुंडलिका, पूर्णा, गोदावरीत, त्यांच्या ओढ्या-नाल्यांत किंवा गावतलावात सोडू नये. तिथे आपले बारीक स्थानिक मासे आहेत, ते अळ्या खातातच. परका मासा एकदा वाढला की परत गोळा करता येत नाही. नाली वाहती असेल तर नालीतही नको, कारण तिचा शेवट ओढ्यातच. नालीचे काम फावड्याने करायचे, माशाने नाही. माझ्या या मताला आरोग्य विभागातले काही मित्र नाक मुरडतात, त्यांना सोडलेल्या ठिकाणांची संख्या वर कळवायची असते. त्यांची अडचण मी समजू शकतो, पण मत बदलत नाही.

शेतकरी बंधूंनो, आता आपल्या घरची चूक. फवारणीचा पंप हौदात बुडवून भरायचा आणि फवारणी झाली की त्याच हौदावर धुवायचा, ही रीत अजून गेलेली नाही. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशाला इतकी घातक की पंपाला उरलेले चार थेंबही हौद साफ करतात. शेततळ्यातले शेवाळ मारायला मोरचूद टाकतात, त्यानेही मासे जातात. ज्या हौदात मासा जगत नाही, त्यातलेच पाणी आपली बैलजोडी पिते, हेही लक्षात घ्या.

"माशाचं पाणी प्यायचं कसं?" हा प्रश्न बायाबापड्या विचारतात, आणि तो योग्यच आहे. पिण्याच्या माठात, रांजणात गप्पी टाकायचाच नाही. तिथे झाकण. गप्पी वापराच्या पाण्यात. माळकरी घरांतून हरकत येते असे सांगतात, पण एका माळकरी आजोबांनी मला उलट विचारले, "खायचा नाही म्हणून पाळायचाबी नाही का? मुंग्यांना साखर टाकतो की आपण." त्यांच्या हौदातले मासे दोन पावसाळे टिकून आहेत.

सांभाळले तर काय होते याचे उदाहरण बाहेरचे आहे. कंबोडिया देशात २००६-०७ साली १४ खेड्यांत पाण्याच्या मोठ्या रांजणांत आणि टाक्यांत गप्पी ठेवले. वर्षभराने शेजारच्या, मासे न ठेवलेल्या भागाशी तुलना केली तेव्हा डेंग्यूच्या डासाच्या अळ्या ७९ टक्क्यांनी कमी आढळल्या. सगळ्या भांड्यांत मासे नव्हते, अर्ध्याहून थोड्या अधिक भांड्यांत होते. पण गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांकडे हे काम नेमून दिलेले होते. कर्नाटकात कोलारच्या कोरडवाहू खेड्यांत विहिरींत गप्पी सोडून हिवतापाचे डास आटोक्यात आणले गेले. यावरून गप्पीने डेंग्यू संपतो असे मात्र म्हणता येत नाही. अळ्या कमी होतात एवढे सिद्ध आहे. ताप कमी करायचा तर झाकण, घासणी आणि मच्छरदाणी ही तिन्ही बरोबर लागतातच.

काही वर्तमानपत्री लेखांतून 'रंगीत माशांतून लाखोंची कमाई' असे येते. सांभाळून. रंगीत माशांचा मोठा व्यापार कोलकात्याकडून चालतो, आपल्या राज्यात मुंबईत कुर्ल्याला बाजार भरतो, आणि साधा गप्पी हा त्यातला सगळ्यात स्वस्त मासा. जालन्याच्या एखाद-दुसऱ्या दुकानाला महिन्याला थोडे मासे देऊन बचत गटाला चहापाण्याचा खर्च निघेल, घर चालणार नाही. त्यापेक्षा शेजारच्या पाच-सहा ग्रामपंचायतींना मासे पुरवणे हे खात्रीचे काम, मात्र त्यासाठी ग्रामपंचायतींनी बचत गटाला पैसे दिले पाहिजेत. मासे फुकट मागायचे आणि त्याच कार्यक्रमातल्या हार-तुऱ्यांना पावती फाडायची, हे बंद व्हावे.

राहिला प्रश्न कुणी करायचे. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या डोक्यावर आधीच किती नोंदवह्या आहेत ते मोजायला बसलो तर पान पुरणार नाही. हे काम पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे. तोच टीसीएल टाकतो, तोच टाकी धुतो, तेव्हा मासे मारणारा हात आणि वाचवणारा हात एकच असावा. त्याला महिन्याला काही मानधन जास्तीचे द्यावे. एक साधी वही ठेवावी. कोणत्या हौदात, कोणत्या तारखेला, किती मासे, आणि पुढच्या महिन्यात किती दिसले. दिसले नाहीत तर का, तेही लिहावे. सोडलेल्यापेक्षा जगलेल्यांची संख्या मी पंचायत समितीच्या बैठकीत विचारतो, तेव्हा सभागृहात जरा शांतता होते.

दरवर्षी नर बदला. पाच-सहा वेते झाली की रक्त जवळचे होते, पिल्ले वाकड्या पाठीची निघतात. आपण कळपातला बोकड बदलतो ना, तसेच. शेजारच्या गावाशी वीस नरांची अदलाबदल करायची, पैसा लागत नाही. नेताना डब्यात अर्धेच पाणी घ्या, सकाळी लवकर निघा, पोहोचल्यावर डबा पंधरा-वीस मिनिटे नव्या हौदात तरंगत ठेवा, मग हळूच सोडा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (२०२४ साली पदनाम बदलले, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) विषयपत्रिकेत तो आधी लिहून घ्यावा. ऐनवेळच्या विषयांत टाकला तर झेंडावंदनानंतर लोक उठून जातात. ठरावात हौदाची जागा, कर्मचाऱ्याचे नाव, मानधनाची रक्कम आणि मासे कोणत्या गावातून आणायचे एवढ्या चार गोष्टी असू द्या. जागा पाण्याच्या टाकीजवळची पण टाकीच्या ओव्हरफ्लोखाली नको, त्या पाण्यात टीसीएल असते.